चालतंय न म्हणणारा माणूस

आमच्या घरात एका शब्दाला बंदी होती. शिवी नव्हे, शिव्या तर आमच्याकडं मोकळ्या फिरायच्या. बंदी होती ती 'चालतंय' या शब्दाला.

आमचे हे वाळूजच्या एका कारखान्यात तपासणीला होते. गाड्यांना लागणारे बारके पार्ट तिथं बनायचे आणि हे दिवसभर एकेक नग हातात घेऊन बघायचे. हा पास, हा परत मशीनवर, हा भंगारात. एखादा नवा पोरगा म्हणायचा, "साहेब, केसभराचा फरक हाय, चालतंय की." झालं, यांचं डोकं फिरलंच. "चालतंय म्हणजे? त्याला काय पाय हायेत? एक तर बरोबर हाय, न्हायतर नाय." हे मला कारखान्यातल्या लोकांनी सांगितलेलं नाही. हे मी घरात तीस वर्षं त्यांच्याच तोंडून ऐकलंय.

कारण कारखाना सुटला तरी तपासणी काही सुटायची नाही. भेंडी एकेक मोडून बघणार. नवी चप्पल फरशीवर ठेवून दोन्हीचे तळ मिळवणार. मुलाच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या तेव्हा सगळ्या कडेनं मोजल्या आणि अकरा पत्रिका तिरप्या कापल्यात म्हणून छापखान्यात परत नेल्या. मी शाळेत मास्तरीण होते, आवाज माझा पहिल्यापासून मोठा. मी म्हणायचे, "अहो, लोकं पत्रिका वाचतात का मोजतात?" तर म्हणायचे, "वाचताना तिरपी दिसते ना." लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात माझी पोळी एका अंगानं कच्ची राहिली होती. मी म्हटलं, चालतंय हो, खा. त्यांनी हाताच्या पाठीनं ती ताटाच्या कडेला सारली आणि दुसरी मागितली. बोलले काहीच नाहीत. मी दोन दिवस बोलले नाही.

रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती. एका सकाळी दाढी करता करता आरशासमोरच खाली बसले. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. दवाखान्यात पंधरा दिवस घशातून नुसता आवाज यायचा, शब्द नाही. सोळाव्या दिवशी मी मुगाचं पाणी पाजत होते. सवयीनं विचारलं, "मीठ बरोबर हाय ना?" तर स्वच्छ म्हणाले, "चालतंय."

मी हसले हो. खरंच हसले. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले, आणि सगळ्या वॉर्डात सांगत सुटले की बोलले, बोलले. शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या म्हातारीनं माझ्या हातावर साखर ठेवली. मला वाटलं, आता एकेक करत सगळे शब्द येतील.

एकही आला नाही. सुई टोचली, चालतंय. चादर ओली झाली, चालतंय. मुलगा पुण्याहून आला आणि गळ्यात पडून रडला, चालतंय. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "मावशी, असं होतं. एखादाच शब्द शिल्लक राहतो. ते तो निवडत नाहीत, काहीही बोलायला गेले की तोच बाहेर पडतो." मी विचारलं, मग त्यांना समजतं किती? डॉक्टर म्हणाले, ते आज सांगता येणार नाही.

ते 'आज' नंतर आठ महिने चाललं.

आठ महिने म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. उठवा, बसवा, पुसा, कूस बदला. सिडकोतलं आमचं घर, पाणी पाचव्या दिवशी यायचं. पाचव्या दिवशी ड्रम भरायचे आणि पाच दिवस रोज चादरी धुवायच्या, त्यात पाणी पुरवायचं. माझे गुडघे आधीच बोलत होते. मदतीला बाई ठेवली, ती चौथ्या दिवशी आली नाही. दुसरी ठेवली, ती यांना उचलताना 'अरे बापरे, लईच जड' म्हणायची, तिला मीच घालवलं. आणि मी काही देवीसारखी शांत बाई नाही. मी ओरडायचे. "अहो, जरा तरी जोर लावा! भिंत उचलल्यासारखं होतंय मला!" ते म्हणायचे, चालतंय. मग मला आणखी राग यायचा.

सगळ्यात वाईट काय झालं असेल, तर मी त्यांच्यासमोर बोलायला लागले. त्यांच्याशी नाही, त्यांच्यासमोर. घरात कपाट असतं, त्याच्यासमोर आपण काहीही बोलतो ना, तसं. लासूर स्टेशनला माझी धाकटी बहीण असते. तिचा फोन आला की मी त्यांच्या खाटेपाशीच लसूण सोलत बसायचे आणि बोलायचे. एकदा तिला म्हटलं, "माणूस गेला गं तो. हे नुसतं अंग राह्यलंय. सुटतील तर बरं, ते बी आन् मी बी." दोन हातांवर ते होते. छताकडं बघत होते. मला वाटलं, काय कळतंय.

दिवाळीनंतर मुलगा आला तो एक माहितीपत्रक घेऊन. चकचकीत कागद, वर हिरवळीचा फोटो, खुर्च्यांत बसलेली म्हातारी माणसं. पुण्याजवळ असल्या पेशंटांना कायमचं ठेवायची एक जागा होती. मुलगा वाईट नाही माझा. त्यानं माझे गुडघे बघितले होते, माझे हात बघितले होते. म्हणाला, "आई, तू माझ्याकडं राहा. दर रविवारी बाबांना भेटायला जाऊ. अशानं तूच आधी पडशील." मग तो पोह्यांची बशी खाटेवरच्या टेबलावर ठेवून बाबांपाशी बसला, त्यांना एकेक चमचा भरवला आणि मऊ आवाजात विचारलं, "बाबा, तिकडं नेलं तर चालेल ना?"

"चालतंय," हे म्हणाले.

मराठीत आपण परवानगी अशीच मागतो. उत्तर प्रश्नातच ठेवून देतो आणि समोरच्यानं ते उचलून आपल्या हातात द्यायचं, एवढंच बाकी ठेवतो. यांच्यापाशी तेवढा एकच शब्द होता आणि तो आमच्या प्रश्नात बरोबर बसला. मुलाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. तो मला म्हणाला, "बघ, बाबांनाही पटलंय." आणि मी, जिला डॉक्टरनं समजावून सांगितलं होतं की तो शब्द आपोआप येतो, मीही मान हलवली. खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. त्या रात्री मी आठ महिन्यांनी सलग झोपले.

पुढच्या रविवारी गाडी येणार असं ठरलं.

व्यायाम घ्यायला एक पोरगी यायची आठवड्यातून तीनदा. ती म्हणाली, "काकू, जाईपर्यंत तरी हात चालू ठेवा. बारीक बारीक वस्तू उचलायला द्या. एखादा खेळच आणा ना." मला तेवढंच पाहिजे होतं. कारण आपल्या हातून काहीतरी झालं असं वाटायला हवं होतं. बुधवारी शेजारणीला बसवून मी गुलमंडीच्या बाजारात, खेळणी-वह्यांच्या दुकानात गेले. दुकानदार ओळखीचा, वर्षानुवर्षं शाळेसाठी रंगीत खडू त्याच्याकडून घ्यायचे. त्यानं विचारलं, "कितने बच्चे हैं भाभी?" मी म्हटलं, "एकच हाय. त्रेसष्ट वर्षांचा." तो माझ्याकडं बघत राहिला. मी सांगितलं सगळं. त्यानं काढलेला ल्युडो परत फळीवर ठेवला आणि वरून एक मोठं खोकं काढलं. "फिर ये लेके जाओ. इसमें नगाँ भोत हैं."

नग खरंच भरपूर होते. गाव वसवायचा खेळ होता तो. घडीचा पट, प्लास्टिकची बारकी घरं, चार रंगांच्या सोंगट्या, पत्त्यांचा गठ्ठा, एक फासा आणि वाळूचं एक घड्याळ. जेवणं झाल्यावर मी त्यांना उशांना टेकवून बसवलं, मांडीवर खाटेचं जेवणाचं टेबल ओढलं आणि खोक्यावरचा प्लास्टिकचा कागद सुरीनं फाडला. आत निम्मी हवा. मी म्हटलं, "बघा, खोकं केवढं आन् माल केवढा! तुमच्या कारखान्यात असलं चाललं असतं का?" कपाटाशी बोलावं तसंच बोलले. पट उलगडून टेबलावर टाकला. तो मधोमध वर उचललेला, सपाट बसेचना. दोन्ही हातांनी दाबला, हात काढला की परत वर.

"चालतंय," ते म्हणाले.

आणि त्यांचा डावा हात पुढं आला. पटाच्या मधल्या घडीवर बोट ठेवलं. एकदा दाबलं. बोट काढलं. पट वर आला. परत दाबलं, परत काढलं. मग हाताच्या पाठीनं पट टेबलाच्या कडेला सारला.

मी म्हटलं, "अहो, उजव्या हातानं करायचंय. डाव्याला काय झालंय? उजवा लावा." आणि त्यांच्या उजव्या हातात एक सोंगटी कोंबली. ती पडली. त्यांनी ती डाव्या हातानं उचलली, टेबलावर उभी केली आणि नखानं टिचकी मारली. सोंगटी डुलली, मग थांबली. त्यांनी ती स्वतःकडं ओढून घेतली. दुसरी उभी केली, टिचकी मारली. तिसरी. चौथी, हिरवी, टिचकी मारल्यावर गोल फिरत राहिली आणि आडवी झाली. ती त्यांनी परत उभी केली. परत आडवी. हाताच्या पाठीनं सारली, पटाच्या बाजूला.

"चालतंय," म्हणाले.

मी उजव्या हाताचं बोलायचं विसरून गेले.

घरांची पिशवी मी फोडून ओतली. त्यांनी एकेक घर घेतलं आणि अंगठा कडेवरून फिरवला. साच्यातून निघालेल्या प्लास्टिकला कधी कधी कडेला बारीक धार राहते, कारखान्यात तिला बर म्हणायचे. मला माहीत आहे, कारण चमचे घेताना सुद्धा ते तसाच अंगठा फिरवायचे आणि मी दुकानात लाजून दुसरीकडं बघायचे. गुळगुळीत घर जवळ, बरवालं घर कडेला. हात हळू चालत होता, पण चुकत नव्हता. पत्त्यांचा गठ्ठा एका हातानं टेबलावर आपटून आपटून सारखा केला, त्यातला एक पत्ता केसभर बाहेर राहिला, तो ओढून काढला. वाळूचं घड्याळ उलटं ठेवलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसले. खोक्यावर एक मिनिट लिहिलं होतं. वाळू संपली तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि ते घड्याळ कडेला सारलं.

मी भिंतीकडं बघितलंच नव्हतं. मी त्यांच्याकडं बघत होते.

मग फासा. तो त्यांनी हातात सगळ्यात जास्त वेळ ठेवला. एक बाजू बघायची, उलटा करायचा, दुसरी बाजू बघायची. शेवटी कडेला. मला काही कळेना. फासा चांगला दिसत होता, पांढरा, टोकं गोल. मी उचलून बघितला. म्हटलं, "याला काय झालंय?" ते म्हणाले, चालतंय, आणि परत सारला. मी परत उचलला आणि शाळेत पोरांना शिकवायचे तसं बोटानं ठिपके मोजायला लागले. एक. सहा. तीन. चार. पाच. आणि शेवटच्या बाजूला, पाच. दोनची बाजूच नव्हती त्या फाशावर. पाच दोनदा होता.

मास्तरकी अंगातून जात नाही. पहिल्या झटक्याला मी आनंदानं ओरडले नाही, मी परीक्षा घेतली. कडेचे सगळे नग उचलले, चांगल्यांत मिसळले आणि परत समोर ठेवले. त्यांनी पुन्हा तेच वेगळे काढले. तीच हिरवी सोंगटी, तीच घरं, तोच फासा. मग मी एक चांगलं घर मुद्दाम कडेच्या ढिगात टाकलं. त्यांनी ते उचललं, अंगठा फिरवला, जवळ ठेवलं आणि माझ्याकडं असं बघितलं की मला तीस वर्षांचा संसार आठवला. रागावले होते ते माझ्यावर. आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर रागावलं होतं!

"अहो, तुम्ही हायेत की!" मी म्हटलं. त्यांच्या गालाला हात लावला, कपाळाला लावला. "हायेत ना? सगळं कळतंय ना तुम्हाला?"

"चालतंय," ते म्हणाले, आणि डोळे भरून आले त्यांचे.

माझेही आले. मी फोन घेतला, मुलाला सांगायचं म्हणून. नंबर काढला आणि तिथंच थांबले. सगळं कळतंय म्हणजे सगळंच कळतंय. म्हणजे लसूण सोलत मी बहिणीला जे म्हणाले तेही कळलं. सुटतील तर बरं. दोन हातांवरून ऐकलं त्यांनी ते. आणि मुलानं विचारलं तेव्हा? तोंडानं चालतंय म्हणाले, ते तर आपोआपच. पण त्याच क्षणी त्यांनी पोह्यांची बशी हाताच्या पाठीनं सारली होती. चांगली टेबलाच्या कडेपर्यंत. पोहे सांडले होते आणि मी खेकसले होते, "नको तर नको म्हणा, सांडता कशाला?" नको म्हणा! त्या माणसाला मी सांगत होते, नको म्हणा.

मी फोन खाली ठेवला. मुलाला लावला नाही.

इथं मला कुणी चांगलं म्हणू नये म्हणून पुढचं लिहिते. मी गुरुवारी काही बोलले नाही. शुक्रवारी काही बोलले नाही. त्यांना विचारायचं कसं हे मला आता माहीत होतं. जगात फक्त मला माहीत होतं, आणि मी विचारलं नाही. शुक्रवारी व्यायामवाली पोरगी आली, म्हणाली, "काका, खेळ आवडला का?" ते म्हणाले, चालतंय. ती खुश झाली. मी चहा करायला आत निघून गेले. रविवारी गाडी येणार होती, त्यांच्या कपड्यांची बॅग मी भरत होते, आणि मनात एकच होतं, की विचारलं तर ते सारतील. सारलं तर गाडी परत जाईल. मग सोमवारी पुन्हा मी, चादरी आणि तो ड्रम. मला नको होतं ते. इतकं नको होतं की नवरा आत जिवंत आहे हे कळूनही मी त्याची बॅग भरत होते. गुन्हेगाराला कसं वाटत असेल ते मला त्या दोन दिवसांत कळलं.

शनिवार पाण्याचा दिवस. सकाळी नळाला पाणी आलं, मी ड्रमला पाईप लावला आणि तिथंच बादलीवर बसले. उठताच येईना. गुडघ्यांमुळं नाही. पाणी भरून वाहायला लागलं तरी मी बसून. शेवटी नळ बंद केला, पदराला हात पुसले आणि कपाटातून ते चकचकीत माहितीपत्रक काढलं. त्यांच्यासमोर टेबल ओढलं. बाकीचं सगळं उचललं, टेबल मोकळं केलं. मधोमध ते पत्रक ठेवलं.

म्हटलं, "हे बघा. मी चालेल का विचारत नाय. हे तपासून सांगा मला. पोरगं तुम्हाला इथं ठेवायचं म्हणतंय, कायमचं. मी तिकडं त्याच्याकडं राहणार, रविवारी येणार. पास असंल तर जवळ घ्या. नसंल तर सारा. तुम्ही जे म्हणाल तेच व्हईल. मी शब्द देते."

मी त्यांच्या हाताकडं बघत होते. फक्त हाताकडं.

डावा हात उठला, पत्रकावर आला आणि तिथंच राहिला. मी वाट बघितली. बोट कडेवरून फिरलं नाही. पान उलटलं नाही. मग मी मान वर केली तर ते पत्रकाकडं बघतच नव्हते. माझ्याकडं बघत होते. माझ्या केसांकडं, तोंडाकडं, मग टेबलाच्या कडेला धरलेल्या माझ्या हातांकडं. पाण्यानं आणि साबणानं बोटांची सालं निघाली होती, ती त्यांनी बराच वेळ बघितली. आणि माझ्या हातांवरची नजर न काढता त्यांनी ते पत्रक हळूहळू स्वतःकडं ओढून घेतलं. छातीपर्यंत. त्यावर हात ठेवला.

तोंडातून 'चालतंय' निघालं नाही. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी तो शब्द आत धरून ठेवला होता. ओठ घट्ट मिटलेले, गळ्याची शीर ताठ.

फासा चार वेळा उलटून बघणारा माणूस! अकरा पत्रिकांसाठी उन्हात छापखान्यात जाणारा माणूस! त्यानं आयुष्यात एक स्क्रू न बघता पास केला नाही, आणि स्वतःचं उरलेलं आयुष्य न बघता पास करून टाकलं. कुणासाठी करायचं, तेवढं मात्र त्यानं नीट बघून घेतलं होतं.

मला असा राग आला की काय सांगू. मी ओरडले, शेजारणीनं दाराशी येऊन बघितलं इतकी ओरडले. "खोटं बोलता? माझ्यासमोर? बघितलं तरी का तुम्ही ते? न बघता पास करता? लाज नाय वाटत?" आणि त्यांच्या हाताखालून ते पत्रक ओढायला लागले. ते सोडेनात. चांगली ताकद होती त्या हातात. आम्ही दोघं एका कागदाला धरून ओढत होतो, आणि मी रडत होते, आणि ते मान हलवत होते, नाही नाही नाही अशी. शेवटी कागद फाटला.

मग मी खाटेवर त्यांच्या शेजारी बसले. मग म्हटलं, "मी बहिणीला जे म्हणाले ते तुम्ही ऐकलं. खरं होतं ते. त्या दिवशी मला तसंच वाटत होतं. आजबी सकाळी वाटलं. उद्याबी वाटंल." त्यांनी अर्धा फाटलेला कागद धरलेला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला, जो जास्त दुखतो त्यावर.

मुलाला फोन मी तिथंच बसून लावला. आवाज मोठा केला, म्हणजे त्यांनाही दोन्ही बाजू ऐकू येतील. यापुढं त्यांच्यासमोर बोलायचं नाही, बोलायचं तर त्यांना धरून बोलायचं, एवढं तरी त्या दिवशी ठरवलं होतं.

"उद्या गाडी पाठवू नको," मी म्हटलं.

"का गं? काय झालं? बाबा तर चालतंय म्हणाले होते."

"त्यांना एकच शब्द येतो रे. आपण आपल्या सोयीनं प्रश्न विचारला."

तो हळूच म्हणाला, "आई, पण तुझं काय? तुझ्याच्यानं होणार आहे का हे?"

मी त्यांच्याकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत होते. उत्तर त्यांनाही ऐकायचं होतं.

"नाही होणार," मी म्हटलं. "तरी पाठवू नको. तू ये. आपण तिघं मिळून बघू."